हात जड होईपर्यंत

पूर्वी गोदावरीच्या काठी, अश्मक देशातल्या पोतन नगरीत सुयाम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका कासाराच्या घरी जन्म घेतला. आईबापांनी त्याचे नाव सोमिल ठेवले. मोठा झाल्यावर त्याने बापाचाच धंदा पुढे चालवला.

त्या काळी बांगड्या शंखाच्या असत. समुद्राकडून शंखांच्या गोणी येत. कासार ते शंख करवतीने कापत, घासून गुळगुळीत करत आणि बायकांच्या हातांत भरत. शंखाची बांगडी वाकत नाही की ताणली जात नाही. हातालाच तिच्यातून जावे लागते. म्हणून बांगडी कापणे हे निम्मे काम आणि ती भरणे हे खरे काम, असे कासार मानत.

पोतनच्या कासारआळीत वरुणक सर्वांत नावाजलेला होता. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या वेगाचा त्याला फार अभिमान. रिठ्याचा फेस लावायचा, अंगठा आत दाबायचा, "हात सैल सोडा, बाई" म्हणायचे, आणि बाई "आई गं" म्हणेपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची. सकाळपासून दुपारपर्यंत तो साठ हात भरी. बोधिसत्त्वाचे तेवढ्या वेळात बारासुद्धा होत नसत. आळीतली माणसे त्याची थट्टा करत. "सोमिलाकडे निघालात का? मग दुपारची भाकरी बरोबर न्या," असे बायकांना सांगत.

तरीही बायका त्याच्याकडे जात, कारण त्याच्या हातून कधी बांगडी तडकली नव्हती आणि कोणाचा हात सोलवटला नव्हता. यात काही गुपित असेल असे लोकांना वाटे. गुपित नव्हते, विचारणाऱ्याला तो सरळ सांगत असे. बाईने हात खरोखरच सोडून दिला की तो कासाराच्या हातात जड लागतो. तिच्या मनात काही अडकलेले असले की ती आपला हात नकळत आपणच उचलून धरते, आणि तो हलका लागतो. हलक्या हातावर बांगडी चढवायची नाही, एवढाच त्याचा नियम होता. तो बाईचा हात आपल्या तळव्यावर ठेवी, दोन शब्द विचारी आणि मग ऐकत बसे. कोणी जावेबद्दल सांगे, कोणी म्हशीच्या आजाराबद्दल, कोणी पंधरा वर्षांपूर्वी बुडालेल्या भावाबद्दल. सांगता सांगता हात जड होई. मग तो बांगडी भरी.

हे शहाणपण त्याला जन्मतः मिळाले नव्हते. तो विशीत असताना एक कुंभारीण दुकानात बसून आपल्या आंधळ्या होत चाललेल्या आईविषयी सांगत होती. हात जड व्हायला लागला होता. तेवढ्यात सोमिल कळवळून म्हणाला, "हो हो, माझ्या आईचंही अगदी अस्संच झालं होतं." आणि त्याने आपल्या आईची सगळी हकीगत सांगितली, कुठला वैद्य, कुठले अंजन, सगळे. कुंभारणीने मान डोलावली, मधूनमधून "अगं बाई" म्हटले. पण तिचा हात पुन्हा हलका झाला होता. त्या दिवशी ती बांगड्या न भरताच घरी गेली. बोधिसत्त्व संध्याकाळपर्यंत आपल्या रिकाम्या तळव्याकडे पाहत बसला. आपण तिचे बोलणे काढून घेतले आणि तिथे आपले ठेवले, हे त्याला कळले. त्यानंतर त्याने ती चूक पुन्हा केली नाही.

ऐकणे ही सोपी गोष्ट आहे असे ज्याला वाटते त्याने एक दिवस ते करून पाहावे. समोरचा तोंड उघडतो न उघडतो तोच आपल्या जिभेला खाज सुटते. सल्ला तर ओठांवर तयारच असतो. तो गिळून शांत बसणे हे त्या कासाराचे रोजचे काम होते, आणि मला तरी त्याचे फार कौतुक वाटते.

आता त्या देशातली लग्नाची चाल सांगितली पाहिजे. वधूसाठी एक शंख निवडला जाई आणि त्या एकाच शंखातून तीन कंकणे कापली जात. लग्नाआधी तीन दिवस, रोज एका मुहूर्तावर, वरमायेच्या देखत कासार वधूच्या उजव्या हातात कंकण चढवी. पहिल्या दिवशीच ते चढले की काम झाले. तडकले तर दुसऱ्या दिवशी दुसरे, तेही तडकले तर तिसऱ्या दिवशी तिसरे. तिसरेही तडकले, तर मुलगी अपशकुनी ठरे, लग्न मोडे आणि तिला पुन्हा कोणी मागणी घालत नसे. कंकण तडकले तर दोष वधूचा. मुहूर्त टळला तर मात्र दोष कासाराचा. त्याची हत्यारे गोदावरीत फेकली जात आणि त्याला पुन्हा त्या नगरात कोणाचा हात धरता येत नसे. मुहूर्त टळूनही लग्न करायचे की नाही, हे वरमाय ठरवी.

सुयाम राजाला चंपिका नावाची एकुलती एक मुलगी होती. शेजारच्या मूलक देशाच्या राजपुत्राशी तिचे लग्न ठरले होते. इथे कोणाला वाटेल, तिच्या मनात दुसराच कोणी असणार. तसे काही नव्हते. राजपुत्र तिने स्वतः पसंत केला होता आणि त्याचे नाव निघाले की तिचे कान लाल होत.

पहिल्या दिवशी वरुणकाला बोलावणे गेले. तो रेशमी उपरणे पांघरून आला. ढोल-सनई वाजत होती, बायका गात होत्या. त्याने फेस लावला, अंगठा दाबला, "हात सैल सोडा" म्हणाला आणि कंकण पुढे सरकवले. अंगठ्याच्या सांध्याशी ते अडले आणि तडकले. दुसऱ्या दिवशी त्याने दुप्पट फेस लावला, वर तूप चोळले. कंकण त्याच जागी अडले आणि त्याच जागी तडकले.

मग सगळा राजवाडा राजकन्येच्या हाताच्या मागे लागला. राजवैद्य म्हणाला, हातात वात शिरला आहे, आणि त्याने तिला उग्र वासाचे तेल चोळवले. ज्योतिष्याने मंगळाकडे बोट दाखवले. आत्याबाईंनी दृष्ट काढली. राणी आपल्या मुलीला पुन्हा पुन्हा सांगत होती, "हसत राहा, बाळ. हसलं की अंग सैल पडतं." चंपिका हसत राहिली. प्रत्येकाकडे उपाय होता, आणि तिला काही विचारावे असे कोणाच्याही डोक्यात आले नाही.

तिसऱ्या कंकणाला हात लावायची वरुणकाची छाती होईना. तो राजाला हात जोडून म्हणाला, "महाराज, आमच्या आळीत सोमिल म्हणून एक आहे. त्याच्या हातून आजवर एकही बांगडी तडकलेली नाही." बोलला ते खरे होते, पण मनात हेतू एवढाच होता की जे काही व्हायचे ते दुसऱ्याच्या हातून होवो.

शिपाई बोलवायला आले तेव्हा बोधिसत्त्वाची बायको घाबरली. "त्या वरुणकदादांनी तुम्हाला पुढे केलंय, कळतंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "दोन तडकली, ती त्यांच्यासारख्याच्या हातून. उद्या आपली हत्यारं नदीत गेली तर खायचं काय?"

"कळतंय गं," बोधिसत्त्व म्हणाला. "पण दोन दिवस तो हात असा दाबलाय लोकांनी. दुखत असेल तो." आणि तो पेटी उचलून निघाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंडपात सगळे जमले. मधोमध पाण्याने भरलेले घंगाळ होते आणि शेजारी बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती वाटी पाण्यावर सोडली की हळूहळू भरत जाई. ती बुडेपर्यंत मुहूर्त. एका बाजूला राजा-राणी बसली होती, दुसऱ्या बाजूला वरमाय, म्हणजे मूलक देशाची राणी. ती सावळी, उंच बाई दोन्ही दिवस एक शब्दही न बोलता सगळे पाहत होती. वरुणकही मागच्या गर्दीत येऊन उभा राहिला होता.

पुरोहिताने वाटी पाण्यावर सोडली. ढोल वाजू लागले.

बोधिसत्त्व चंपिकेसमोर बसला. त्याने फेसाचे भांडे बाजूला सारले आणि राजाला म्हणाला, "महाराज, वाजंत्री थांबवता येईल का? मला बाईंचं बोलणं ऐकू येत नाहीये."

"ती कुठे काय बोलतेय?" राजा म्हणाला.

"म्हणूनच," बोधिसत्त्व म्हणाला.

राजाने कपाळाला आठ्या घालून हात वर केला आणि ढोल थांबले. बोधिसत्त्वाने चंपिकेचा उजवा हात आपल्या तळव्यावर घेतला. अंगठ्याशी कातडे सोलवटून लाल झाले होते. आणि हात इतका हलका होता की तळव्यावर काही ठेवले आहे की नाही, असे वाटावे.

"घाला, दादा," चंपिका हसून म्हणाली. "मला दुखत नाही."

"दुखत असलं तर दुखतं म्हणावं, बाई."

"लग्नघरात तसं म्हणायचं नसतं."

"मी लग्नघरातला नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "मी कासार आहे."

ती पुन्हा हसली, पण या वेळी ते हसू मध्येच थांबले. वाटीत चार बोटे पाणी चढले होते. बोधिसत्त्वाने तिकडे पाहिले नाही. शेवटी ती हळूच म्हणाली, "माझी दाई असती तर तिनं सांगितलं असतं, हात कसा सोडायचा ते."

"दाई कुठे आहेत?"

"वारली. सव्वीस दिवस झाले."

"चंपिके," राणी चटकन म्हणाली, "आज तो विषय नको, बाळ. शुभ कार्य आहे."

राणीही मनाने वाईट नव्हती. त्या देशात सुपारी फुटली की लग्नघरात कोणी डोळ्यांतून पाणी काढायचे नाही, मृत्यूचे नाव घ्यायचे नाही, अशी रीत होती. तिने ती पाळली एवढेच. दाई गेली तेव्हा तिने मुलीला नवी जरतारी साडी दाखवली होती, म्हणजे मन दुसरीकडे लागेल.

बोधिसत्त्वाने राणीला नम्रपणे मान लववली आणि पुन्हा चंपिकेकडे वळून विचारले, "त्यांचं नाव काय होतं?"

मंडपात कोणी तरी खाकरले. राजाने राणीकडे पाहिले आणि राणीने आपल्या नणंदेकडे. वीस वर्षे ती बाई त्या वाड्यात राहिली होती आणि सगळे तिला दाई म्हणत होते. नाव कोणालाच आठवेना.

"पाटला," चंपिका म्हणाली. आणि ते नाव घेताच तिचा आवाज फुटला. "पाटला नाव होतं तिचं."

मग ती सांगू लागली. पाटला मागच्या बाजूच्या खोलीत खोकल्याने अंथरुणाला खिळली होती. वाड्यात तर लग्नाची घाई. एके दिवशी तिचा निरोप आला. चोळीचे माप चालू होते, म्हणून चंपिकेने "उद्या येते म्हणावं" असे कळवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप आला. त्या दिवशी सोनार आला होता. ती पुन्हा म्हणाली, उद्या. तिसऱ्या दिवशीही तेच.

"तीनदा निरोप आला," बोधिसत्त्व म्हणाला.

"तीनदा."

"काय म्हणाल्या होत्या निरोपात?"

चंपिकेने ओठ आवळले. "काही नाही. दूध घेतलंस का, एवढंच. तिन्ही वेळा तेवढंच. आणि चौथ्या दिवशी ती गेली. मला जाऊ दिलं नाही. सुपारी फुटलेल्या मुलीनं मयताजवळ जायचं नसतं म्हणाले. मी गच्चीवरून पाहिलं. चौघांनी तिला मागच्या दारानं नेलं." ती थांबली आणि मग म्हणाली, "लहानपणी मला वीज चमकली की भीती वाटायची. तेव्हा ती म्हणायची, तू मूठ मीट, मी वरून धरते. आता कोणी माझा हात धरला ना दादा, की आतून मूठ मिटायला लागते. मी नाही करत. आपोआप होतं ते."

तुमचा यात काय दोष, असे बोधिसत्त्व म्हणाला नाही. जन्माला आलेला प्रत्येक जण जाणारच, असेही म्हणाला नाही. ही दोन्ही वाक्ये त्याला येत होती आणि दोन्ही खोटी नव्हती. तो फक्त तिचा हात तळव्यावर घेऊन बसून राहिला, आणि तिचे दुःख त्याला इतके जवळून दिसले की त्याचेही डोळे भरून आले.

चंपिका रडू लागली. लग्नघरात, भर मंडपात, सगळ्यांसमोर. बायकांनी तोंडावर पदर घेतला. पुरोहित अर्धा उठला. वाटीचा काठ आता पाण्यापासून बोटभर वर राहिला होता.

आणि त्याच वेळी तिचा हात जड झाला. बोटे उलगडली, अंगठा आपणहून आत वळला आणि सगळा भार बोधिसत्त्वाच्या तळव्यावर येऊन टेकला. तिसरे कंकण त्याच्या दुसऱ्या हातात तयार होते. एकदाच पुढे सरकवले असते तर ते मनगटावर गेले असते. मुहूर्त साधला असता. राजाने कबूल केलेले दहा बैलजोड्यांचे इनाम मिळाले असते, आणि पोतनात त्याचे नाव झाले असते.

मागे उभ्या असलेल्या वरुणकाला ते दिसले. कितीही झाले तरी तो कसबी माणूस होता. त्याला राहवेना. तो पुढे झुकून कुजबुजला, "अरे सोमिला, आता! हात पडलाय बघ! घाल!"

पण चंपिका बोलत होती. पाटला घोरायची कशी, याची गोष्ट तिने सुरू केली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती सांगत होती, की एकदा त्या घोरण्याला घाबरून पहारेकरी वाघ आला म्हणून मशाली घेऊन धावले होते. हे सांगताना ती मनाने आपल्या दाईकडे गेली होती, त्या मंडपात नव्हतीच. या वेळी कंकण चढवले तर ती दचकून परत येईल, आणि तिला वाटेल, हा माणूस इतका वेळ कंकणासाठीच ऐकत होता. बोधिसत्त्वाने कंकण मांडीवर ठेवले आणि ऐकत राहिला.

वाटी गपकन बुडाली आणि घंगाळाच्या तळाशी टणकन वाजली.

"मुहूर्त टळला!" पुरोहित ओरडला.

चंपिकेला ते ऐकू गेले की नाही कोण जाणे. तिने पहारेकऱ्यांची गोष्ट संपवली. पाटला जागी झाल्यावर उलट त्यांनाच कशी रागावली, तेही सांगितले, आणि ते सांगताना ती खरीखुरी हसली. मग तिने पदराने तोंड पुसले, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "झालं, दादा. आता घाला."

बोधिसत्त्वाने कंकण उचलले. फेस नाही, तूप नाही. ते तिच्या हातावरून सरळ मनगटापर्यंत गेले.

बोधिसत्त्व उठला, आपली हत्यारांची पेटी उचलून त्याने राजाच्या पायांशी ठेवली आणि हात जोडले. "महाराज, मुहूर्त माझ्यामुळे टळला. बाईंचा दोष नाही. ही माझी हत्यारं."

सगळ्यांचे डोळे वरमायेकडे वळले. लग्न व्हायचे की मोडायचे, ते आता तिच्या शब्दावर होते. मूलक देशाची राणी जागची उठली, चंपिकेजवळ गेली आणि तिच्या मनगटावरचे कंकण बोटाने फिरवून पाहिले.

"आमच्या घरी येणारी मुलगी आपल्या दाईसाठी रडते," ती म्हणाली. "मुहूर्त काय, दर वाटीला नवा येतो. अशी सून मी कुठे शोधत बसू? लग्न ठरल्या दिवशीच होईल."

चंपिकेच्या आईने डोळे मिटून देवाला हात जोडले. पण राजाचा चेहरा अजून उतरलेलाच होता. तो बोधिसत्त्वाकडे एकटक पाहत होता.

"खरं सांग," तो म्हणाला. "हात केव्हा सैल झाला?"

"वाटी बुडायच्या आधी, महाराज."

"किती आधी?"

"काठ बोटभर वर होता तेव्हा."

"म्हणजे वेळ होता. तुला माहीत होतं. तुझी हत्यारं जाणार, धंदा जाणार, हेही माहीत होतं." राजाचा आवाज चढला. "मग तेव्हाच का घातलं नाहीस?"

"त्या बोलत होत्या, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला.

राजाने मुलीकडे पाहिले. गेल्या सव्वीस दिवसांत आपण तिच्याशी काय काय बोललो, हे तो आठवू लागला. हत्ती किती पाठवायचे, मंडप कुठे घालायचा, पंगती किती. तिने काय उत्तरे दिली, ते मात्र त्याला एकही आठवेना. लाजेने त्याची मान खाली गेली.

त्याने पायाजवळची पेटी स्वतःच्या हाताने उचलून कासाराच्या हातात परत दिली. मग तो राजा, सगळ्या सभेच्या देखत, मंडपातल्या चटईवर चंपिकेच्या शेजारी मांडी घालून बसला.

"त्या पाटलाबाई," तो अडखळत म्हणाला. "मला नीट ऐकू आलं नाही, बाळ. पहिल्यापासून सांगतेस?"

चंपिका पहिल्यापासून सांगू लागली. थोड्या वेळाने राणीही येऊन शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपिकेने गोदावरीवर जाऊन पाटलाच्या नावाने पाणी सोडले, आणि राजा-राणी तिच्याबरोबर पाण्यात उभी होती. ठरल्या दिवशी लग्न थाटात झाले. दहा बैलजोड्यांचे इनाम बोधिसत्त्वाने घेतले नाही. मुहूर्त साधलाच नाही तर इनाम कसले, असे तो म्हणाला. त्याच्या बायकोला हे फारसे पटले नाही, आणि तिने ते त्याला चांगले तासभर सुनावले. त्याने तेही ऐकले.

लग्नानंतर चार दिवसांनी वरुणक त्याच्या दुकानात आला. आला तो मान खाली घालून. "सोमिला, तुला पुढे ढकललं ते मी चांगलं केलं नाही," तो म्हणाला. "आणि एक मागणं आहे. मला ऐकायचं कसं ते शिकव." एवढे बोलून तो बसला, आणि आपण हे शिकायचे का ठरवले ते सांगू लागला. त्यावरून बापाची गोष्ट निघाली. बाप लहानपणी त्याने भरलेले हात मोजायचा, साठ झाले नाहीत तर जेवायला वाढू द्यायचा नाही, हे त्याने आजवर कोणालाच सांगितले नव्हते. शिकायला आलेला वरुणक दुपारपर्यंत एकटाच बोलत होता. बोधिसत्त्वाने त्याला एकदाही टोकले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, जेतवनात सांगितली ती एका भिक्षूच्या निमित्ताने. भिक्षूचे नाव सीलवंत. श्रावस्तीतल्या एका विणकराचा मुलगा वारला होता, आणि त्याचे सांत्वन करायला सीलवंत गेला होता. विणकर दोन वाक्ये बोलला असेल नसेल, सीलवंताने अनित्यतेवर सुरेख उपदेश केला आणि तो लगेच परतला. उपदेशात एक अक्षर चुकले नव्हते. पण विणकराने त्या दिवसापासून माग बंद ठेवला आणि कोणाशी बोलणेही सोडले. तो असे का वागतो, हे सीलवंताला कळेना, म्हणून त्याने शास्त्यांना विचारले. तेव्हा शास्त्यांनी हा पूर्वजन्म सांगितला आणि शेवटी त्याची सांगड घालून दिली.

"भिक्षूंनो, त्या काळची राजकन्या चंपिका म्हणजे आजची भिक्षुणी सोमदत्ता. ती सावळी वरमाय म्हणजे आपली उपासिका नंदवती. सुयाम राजा म्हणजे नगरद्वाराशी राहणारा गृहपती भद्रिक. पाटला दाई तेव्हाच आपली पुण्याई घेऊन देवलोकी गेली. साठ हात भरणारा वरुणक म्हणजे हा सीलवंत. आणि सोमिल कासार म्हणजे मीच होतो. त्या जन्मी मी क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची पूर्णता, पाळली. मारलेले सोसणे ही क्षांती आहेच. आपले शहाणपण ओठांवर आलेले असताना, आपला लाभ हातात आलेला असताना, समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे, हीसुद्धा क्षांती आहे. करुणा तिच्यातूनच वाहते."

शास्ते बोलायचे थांबले तेव्हा सीलवंताचे डोळे ओले होते. त्याने वंदन केले, चीवर सावरले आणि तो पुन्हा त्या विणकराच्या घराकडे निघाला. त्या दिवशी भिक्षेची वेळ होऊन गेली, इतर भिक्षू जेवून उठले, सावल्या लांबल्या, तरी सीलवंत परतला नव्हता.